एग ऑन आणि देवकाचं घमेलं

आमच्या गावात आता कोणी कोणाला भरीला घालू लागलं की ऐकणारा लगेच म्हणतो, "एग ऑन नको करू बे!" इंग्रजी न शिकलेली म्हातारी माणसंसुद्धा म्हणतात. हा शब्द गावात आणला माझ्या सुनेनं, आणि गावभर पसरवला माझ्या बैलांनी.

सून कीर्ती भंडाऱ्याची. तिच्या वडिलांचं तिथं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. ती लाखांदूरला एका शाळेत इंग्रजी शिकवते, सकाळच्या एस.टी.नं जाते आणि दुपारच्यानं परत येते. शाळेत ती रोज फळ्यावर इंग्रजीतलं एक बोलणं लिहिते आणि त्याचा अर्थ, ते कुठून आलं, हे मुलांना सांगते. त्याची रंगीत तालीम आदल्या संध्याकाळी माझ्यावर होते. मी अक्षरं शिकलो ती साठी उलटल्यावर, शाळेच्या पडवीत चालणाऱ्या वर्गात. मराठी वाचता येऊ लागलं तशी हाव वाढली आणि मी कीर्तीच्या पाटीवर इंग्रजी अक्षरंही जोडू लागलो.

आता बैलांचं सांगतो. आमच्याकडे धान कापून झालं, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोरीचं कडधान्य हिरवं झालं की शंकरपटाचे दिवस येतात. छकड्याला जोडी जुंपायची आणि सोडायची. जी जोडी कमी वेळात पल्ला गाठेल ती जिंकली. छकडा हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. छकडा म्हणजे दोन चाकं आणि एक माणूस कसाबसा टेकेल एवढी फळी. मी तरुणपणी धुरकरी होतो आणि माझं नाव होतं. मग एका पटात चाक बांधाच्या उंचवट्यावर चढलं, छकडा उलटला आणि माझा पाय मांडीत मोडला. देवकानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो पाय बरा होईपर्यंत शेत, गुरं, लेकरू आणि मी, असं सगळं एकटीनं सांभाळलं. उठून उभा राहिलो त्या दिवशी तिनं माझ्याकडून वचन घेतलं, की पुन्हा छकड्यावर पाय ठेवणार नाही. मी दिलं. पाय आजही थंडीत ठणकतो, त्यामुळे वचन विसरायची सोय नाही.

पुढे पटच काही वर्षं बंद झाले. कोर्टानं परवानगी दिल्यावर पुन्हा सुरू झाले, पण अटी घालून. त्यातली मोठी अट तुतारीची. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, आणि तिच्या टोकाला असतो तो खिळा म्हणजे आर. ती पटात आणायची नाही. बैल पळवायचा तो नुसत्या तोंडानं.

यंदा आमच्या गावानं पट ठरवला, आणि माझ्याकडे जोडी होती चांद्या-मोऱ्याची. घरच्याच गाईचे दोन्ही गोऱ्हे, देवकाच्या हातचं खाऊन वाढलेले. मी त्यांना शेतातच वापरत होतो. पटाचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. तो घातला भैय्यालालनं.

भैय्यालालचं एस.टी. थांब्यावर किराणा दुकान आहे, आणि दुकानाच्या बाकावर चहा मिळतो. तो माझा लहानपणचा मित्र. त्याच्या घरी बैल नाहीत, त्यामुळे बैलांबद्दल त्याचं मत फार पक्कं असतं.

"ताराचंदभाऊ, चांद्याची छाती पायली का तुमी?" एक दिवस त्यानं सुरुवात केली.

"रोज पायतो गा. माझाच बैल हाये तो."

"नाई, तुमी मालकाच्या डोयानं पायता. माह्या डोयानं पाहा. अशी जोडी तालुक्यात नाई."

बाकावरचे चार जण म्हणाले, खरंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुढे सरकला. "जोडी हाये, पण धुरकरी कुठी हाये? आजकालचे पोट्टे तुतारीशिवाय बैल हाकू शकत नाई. तोंडानं बैल पळवणारा एकच माणूस उरला."

"कोण?"

"आता माह्याच तोंडानं वदवता का भाऊ?"

बाकावरचे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र माझी चाल बदलली होती. पाय तोच, पण लंगडणं कमी झालं होतं.

हे असं आठवडाभर चाललं. कोणी माझ्या आवाजाची आठवण काढी, कोणी जुन्या पटाची. भैय्यालालचा मुलगा अंकुश तर म्हणाला, "काकाजी, माह्या पिढीनं तुमाले हाकताना पायलंच नाई. आमी काय नुसतं आयकूनच मरावं का?" मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. "पाहू," एवढंच म्हणालो. आमच्याकडे "पाहू"चा अर्थ ऐकणारा आपल्या सोयीनं लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटाची दवंडी देणारा कवडू ऑटोवर भोंगा लावून गावोगाव फिरू लागला. "आपल्या पटाचं खास आकर्षण! जुने नामांकित धुरकरी ताराचंदभाऊ, इतक्या वर्षांनंतर, स्वतः छकड्यावर!"

देवका तेव्हा बांधीत लाखोरीची भाजी खुडत होती. भोंगा रस्त्यानं गेला तेव्हा ती ताठ उभी राहिली, आणि ऑटो वळणाआड जाईपर्यंत तशीच राहिली. मी बांधावर होतो. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. ओटीतली भाजी घट्ट धरली आणि घरी निघाली.

भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं जेवायला वाढलं, पाणी दिलं, आणि एवढंच म्हणाली, "पाय तुमचा हाये. मोडा."

आता माझी अडचण समजून घ्या. बसलो तर वचन मोडणार, कदाचित पायही, आणि या वयात मोडलेला पाय जुळेल याची खात्री नाही. नाही बसलो तर भोंग्यानं पसरवलेलं नाव मातीत जाणार. दोन्हींतलं काय निवडावं हे मला कळेना, आणि बायको बोलेना.

त्या संध्याकाळी कीर्तीनं पाटीवर दोन शब्द लिहून माझ्यापुढे ठेवले. "वाचा मामाजी."

मी जोडलं. "ई, जी, जी. एग. म्हणजे अंडा." एस.टी. थांब्यावरच्या आमलेटच्या गाडीवर हेच लिहिलेलं असतं, म्हणून मला ते पाठ होतं. "पुढं ओ, एन. ऑन. म्हणजे वर."

"अंड्यावर बसलेली कोंबडी बरी," चुलीजवळून देवकाचा आवाज आला. "घरी तरी राहते."

तोंडातलं हसू कीर्तीनं पदरात लपवलं. "हा अंड्याचा एग नाही मामाजी. दिसतो तसाच, पण वेगळा. इंग्रजांच्या देशावर हजारएक वर्षांपूर्वी उत्तरेकडचे दर्यावर्दी लोक चालून आले आणि तिथंच राहिले. त्यांच्या बोलीतला हा शब्द. त्यांच्याकडे एग म्हणजे धार, कडा. तलवारीची, कुऱ्हाडीची. आणि त्यावरूनच पुढे अर्थ झाला, कोणाला धार लावणं. इंग्रजीत धारेला, कडेला एज म्हणतात ना, तो याचाच भाऊबंद."

"माणसाले धार लावणं?"

"चेतवणं. टोचून टोचून पुढं काढणं. यातला ऑन म्हणजे वर नाही, पुढे. चाल पुढे, चाल पुढे, असं."

"मंग हा आर झाला," मी म्हणालो. "तुतारीचा."

कीर्तीनं मान डोलावली. "हो की. हे मी उद्या मुलांना सांगते."

"आपल्या मराठीत याले काय म्हणते?"

"भरीला घालणं. चिथावणं. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं पण चालेल, पण त्यात नुसती स्तुती आहे. एग ऑनमध्ये आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे, ज्या कामासाठी चेतवतात ते काम बहुतेक वेळा शहाणपणाचं नसतं."

चुलीजवळ भांडं जरा जोरात आदळलं.

"आणि दुसरी?"

"दुसरी अशी, की जो एग ऑन करतो तो स्वतः ते करत नाही. तो मागेच उभा राहतो."

मी पाटीकडे बघत बसलो. बैलाला आर लावणं कोर्टानं बंद केलं, पण भैय्यालालच्या बाकावर तो मला रोज चहासोबत लागत होता, आणि मी कान टवकारून चाललो होतो.

"कीर्ती," मी हळूच विचारलं, "हा शब्द मुलांसाठी निवडला का माह्यासाठी?"

"मुलांसाठीच," ती पाटी पुसत म्हणाली. "तुम्हाला फुकटात मिळाला."

"मंग याच्यावर औषध सांग."

"मामाजी, मी शब्द शिकवते. औषध डॉक्टर देतात."

पटाच्या दिवशी मी जोडी सोडली तेव्हा देवका कोंड्याचं घमेलं घेऊन गोठ्यात आली होती. "बैलायले खाऊ द्या."

"पटाच्या आधी पोट हलकं ठेवा लागते."

"तुमच्या हौसेपायी मुके जीव उपाशी?" ती म्हणाली. तिचं कित्येक दिवसांतलं ते सगळ्यात मोठं वाक्य होतं. मी जोडी घेऊन निघालो.

मैदान गावाबाहेर, कापलेल्या धानाच्या बांध्या सपाट करून केलेलं. दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं. फुगेवाले, जिलेबीवाले, उसाचे रसवाले. मंडपात कवडू माइक घेऊन बसलेला. समितीच्या माणसांनी माझे हात, कंबर, धोतराचा सोगा तपासला. आर कुठं लपवला नाही ना, म्हणून. मी म्हणालो, "आर माह्याजवळ नाई. तो तिकडं उभा हाये," आणि भैय्यालालकडे बोट दाखवलं. त्यांना काही कळलं नाही.

माझी पाळी आली. चांद्या-मोऱ्या छकड्याला जुंपलेले, कासरा माझ्या हातात, मी जमिनीवर उभा. भोवती बाकावरचे सगळे जमा झाले होते.

"बसा भाऊ, बसा! आता दाखवून द्या!" भैय्यालाल ओरडला.

मी त्याच्याकडे वळलो. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात घोळवून आलो होतो. "भैय्यालाल, जोडी कशी हाये?"

"पयल्या नंबरची!"

"पडन का या छकड्यावरून कोणी?"

"नाव नका काढू! लेकरू बसलं तरी पडत नाई, एवढी शहाणी जोडी."

"मंग अंकुशले बसव."

अंकुशला दोनदा सांगावं लागलं नाही. तो उडी मारून फळीवर चढलाच. त्याच क्षणी भैय्यालालनं त्याचा सदरा मागून धरला.

"उतर बे! उतर आधी!"

"काहून बाबा? तुमीच म्हणता ना..."

"उतर म्हणतो ना! हातपाय मोडून घेशीन!"

"आन ताराचंदकाकाजी?"

"त्यायची गोष्ट वेगळी हाये!"

"काय वेगळी हाये गा?" मी विचारलं.

भैय्यालाल चाचरला. "म्हणजे... या पोराचं अजून लगन व्हायचं हाये, भाऊ."

आधी बाकावरचे हसले, मग त्यांच्या मागचे, मग ज्यांना काही ऐकू गेलं नव्हतं तेही. "माझं लगन झालं हाये, म्हणून माझा पाय फालतू झाला का?" मी म्हणालो. मी एकेकाकडे पाहिलं. "कोणी बसते का? घ्या, जोडी देतो, छकडा देतो." ज्याच्याकडे बघितलं त्याला फुगेवाल्याकडे काही तरी फार बघण्यासारखं दिसू लागलं.

इतकं झाल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. पण माइकवर कवडू माझं नाव घेत होता, पल्ल्याच्या दोन्ही बाजूंची माणसं उभी राहिली होती, आणि माझा पाय, तोच मोडका पाय, मला न विचारता फळीकडे उचलला जात होता. माणसाला एकदा धार लागली की टोचणारा गप्प झाला तरी ती उतरत नाही, हे कीर्तीनं सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात पल्ल्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. टण, टण, टण. लोखंडी घमेल्यावर दगड मारल्याचा.

"ओऽऽ चांद्याऽऽ! ओऽऽ मोऱ्याऽऽ!"

देवका. बैल उपाशी गेले हे तिला सहन झालं नव्हतं. कोंडा, कणी आणि पेज कालवून, घमेलं डोक्यावर घेऊन ती गर्दीच्या मागून मैदानाच्या त्या टोकाला पोचली होती. पल्ला तिथं संपतो, त्यामुळे बैल पळून झाले की तिथंच येणार, एवढाच तिचा हिशेब. पाळी कोणाची चालू आहे हे त्या टोकाच्या गलक्यात तिला ऐकू आलं नव्हतं. घमेलं खाली ठेवलं आणि रोज संध्याकाळी ठेवते तशी सवयीनं हाक मारली. गोऱ्हे होते तेव्हापासून ती हीच हाक मारते, आणि चरायला कितीही लांब गेलेले असोत, ते धावत घरी येतात.

चांद्याचे कान उभे राहिले. मोऱ्यानं मान वर केली. माझा पाय फळीला टेकायच्या आत कासरा हातातून सुटला, आणि छकडा माझ्यासमोरून निघून गेला. रिकामाच.

मी पुष्कळ पट पाहिले, पुष्कळ हाकले. तसे बैल मी पळताना पाहिले नाहीत. मागं कोणी नाही, तोंडानं हाकणारा नाही, टोचणारा नाही. चाकं जमिनीला लागतात की नाही कळेना. मंडपातून कवडूचा आवाज येत होता, "आली आली आली, काय जोडी हाये, वाऱ्यासारखी जोडी, आन धुरकरी... धुरकरी... अरे धुरकरी कुठी गेला बाप्पा?"

सगळं मैदान हसत सुटलं. फक्त एक माणूस हसलं नाही. पल्ला संपतो तिथं उभी असलेली बाई.

मी लंगडत पल्ल्यावरून निघालो, कारण बैल माझे होते आणि बायकोही. जवळ गेलो तेव्हा चांद्या-मोऱ्या घमेल्यात तोंड घालून निवांत खात होते, जसं काही झालंच नाही. देवका तिथंच मातीत बसली होती. तिच्या हातात दगड तसाच होता. मी पुढ्यात उभा राहिलो तेव्हा तिनं आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"छकडा रिकामा आला," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या टोकावरून तिला एवढंच दिसलं होतं: माझी जोडी, माझा छकडा, आणि त्यावर मी नाही.

"मी बसलोच नव्हतो," मी म्हणालो.

"खरं?"

"भैय्यालालले विचार. सगळ्या गावाले विचार."

तिनं माझा हात धरला आणि उठली. अंगावरची माती झटकली. मग तिचा राग एकदम परत आला, आणि मला फार बरं वाटलं. "मंग येवढा वेळ काय करत होते तिथं? उनात उभे राहून बैल उपाशी ठेवता! चला घरी."

समितीनं भिंगातून बघितल्यासारखा बारीक विचार केला. जोडीचा वेळ त्या दिवशीचा सगळ्यात चांगला होता, पण धुरकरी नाही म्हणून धावणं धरता येत नाही, असं ठरलं. बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. माझ्या नावाचं काय झालं म्हणाल, तर ते बुडालंही नाही आणि वरही गेलं नाही. लोक मला विसरून बैलांबद्दल आणि देवकाबद्दल बोलू लागले. हे मला आवडेल असं वाटलं नव्हतं, पण आवडलं.

कीर्तीनं दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं. त्या मुलांमध्ये आमच्या गावचीही होती, आणि त्यांनी शब्द घरोघरी पोचवला. संध्याकाळी मी तिला विचारलं, "मागून टोचणं म्हणजे एग ऑन. मंग पुढं उभं राहून बोलावणं, त्याले इंग्रजीत काय म्हणते?"

तिनं मोबाइलमध्ये बघितलं, पुस्तकात बघितलं. दोन-तीन शब्द सुचवले. एकही मला पटला नाही.

"जाऊ द्या मामाजी," ती म्हणाली, "याला तुम्हीच नाव द्या."

मी अजून शोधतो आहे. सध्या आम्ही त्याला घमेलं म्हणतो.

चार दिवसांनी देवका आणि मी बाजाराला निघालो. एस.टी.ला वेळ होता, म्हणून थांब्यावर भैय्यालालच्या बाकावर बसलो. पटापासून तो मला टाळत होता, पण देवकाला पाहून त्याच्यातला जुना भैय्यालाल जागा झाला. त्यानं स्वतः चहा आणून दिला.

"वहिनी, खरं सांगू का? तालुक्यात असा आवाज नाई. नुस्ता आवाज आयकून जोडी उडाली! पुढच्या सालच्या पटात तुमीच उतरा. कवडूले सांगतो, भोंग्यावर तुमचंच नाव!"

बाकावरचे म्हणाले, हो, हो.

देवकानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि शांतपणे प्याली. मग पदरानं ओठ पुसले.

"उतरते ना भाऊजी," ती म्हणाली. "मी घमेलं घेऊन त्या टोकाले उभी राहीन. पण छकडा रिकामा नाई पायजे, समितीचा नियम हाये. छकड्यावर तुमी बसा."

भैय्यालालनं दुकानात आत पाहिलं. "अरे अंकुश," तो म्हणाला, "गिऱ्हाईक आलं वाटते."

दुकानात कोणीच नव्हतं. तेवढ्यात एस.टी. आली आणि आम्ही चढलो.